दोन काळ्या पट्ट्या आणि मोरीचं तेल

आमच्या घरात पाश्चात्त्य संगीतातली जाणकार म्हणून माझी ख्याती आहे. ती मी स्वतः पसरवली नाही, पण पसरत होती तेव्हा कुणाला अडवलंही नाही. गणपतीला सगळे जमले की पुतणे-भाचे आपल्या नव्या बायकांना सांगतात, काकी पूर्वी पियानो वाजवायची, जर्मन का कुठलासा सोनाटा. मग त्या मुली माझ्याकडे बघतात, माझ्या खोबरं किसणाऱ्या हातांकडे बघतात आणि समजुतीने गप्प बसतात. एवढं झाल्यावर खरं सांगायला कुणाला उत्साह राहील?

तर खरं असं की मला दोनच पट्ट्या वाजवता येतात. दोन्ही काळ्या, पियानोच्या डाव्या टोकाजवळच्या. त्यांच्या उजवीकडच्या प्रदेशात मी कधी पाऊल टाकलं नाही. आणि त्या दोन पट्ट्यासुद्धा मी बरीचशी वर्षं दाराआड उभी राहून, पलीकडे नुसता हात काढून वाजवल्या.

माझं माहेर वालावलच्या बाजूला, आत. तिथे पाणी आहे, पण ते आवाज करत नाही. देवळासमोर तळं निवांत पसरलेलं असतं आणि खाडीचं पाणी कधी चढलं, कधी उतरलं ते बघितल्याशिवाय कळत नाही. लग्न होऊन मालवणजवळच्या या वाडीत आले तेव्हा पहिले काही महिने समुद्राच्या गाजेमुळे मला दुपारचासुद्धा डोळा लागत नसे. नवरा मुंबईला कचेरीत. घरात सासूबाई, मी आणि नुकतेच बोटीवरून कायमचे घरी आलेले मामंजी. मामंजी म्हणजे सासरे. त्यांची नि माझी त्या वेळची ओळख म्हणाल तर मी त्यांच्या पायांना ओळखत होते. तोंड वर करून बघायची पद्धत नव्हती.

पियानो आला तो माझ्या लग्नानंतर चौथ्या महिन्यात. आगबोट नेहमीसारखी लांब उभी राहिली. माणसं पडावातून येतात तशी यायला लागली, आणि शेवटी दोन पडाव एकमेकांना बांधून त्यांवर काहीतरी उभं, गोणपाटात गुंडाळलेलं यायला लागलं. किनाऱ्यावरच्या बायकांत मी मागे उभी होते. कुणी म्हणालं कपाट आहे, कुणी म्हणालं इंजिन. लाटेने पडाव वाळूवर टेकवले तेव्हा आतून एकदम सगळ्या तारा मिळून एक आवाज निघाला, लांबलचक, कुणीतरी झोपेत हुंकार द्यावा तसा. पुढच्या बायका दोन पावलं मागे सरल्या. एका म्हाताऱ्याने हात जोडले. पडाव चालवणारा तांडेल मात्र शांतपणे म्हणाला, "जिता आसा. हळू उतरवा."

मामंजी तीस वर्षं उतारूंच्या मोठ्या बोटीवर होते. सुरुवातीला भांडी घासायला, पुढे वाढपी, शेवटी जेवणघराच्या मागच्या पँट्रीचे मुख्य. ती बोट मुंबईला मोडीत निघाली तेव्हा बाकीच्यांनी आठवण म्हणून घड्याळं घेतली, पितळी दिवे घेतले. आमच्या शेजारच्या वाडीत एकाच्या पडवीत अजून त्या बोटीची कातड्याची खुर्ची आहे, तिच्यावर कोंबडी बसते. मामंजींनी दिवाणखान्यातला पियानो घेतला.

सासूबाईंचं म्हणणं थोडक्यात होतं. "तीस वर्सां समुद्रार रवले," त्या पाणी शेंदता शेंदता विहिरीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "आणि घराक हाडल्यानी काय, तर टोप ठेवूक जागा नाय असला कपाट."

ते कपाट माजघरात, स्वयंपाकघराच्या दाराला लागून भिंतीशी उभं राहिलं. दुसरीकडे कुठे मावलंच नाही. त्यामुळे पियानोचं डावं टोक बरोबर आमच्या चुलीच्या दाराशी आलं. माझ्या सगळ्या कीर्तीचं मूळ हे एवढंच आहे. ते उलटं ठेवलं असतं तर आज मी नुसती काकी असते.

रोज दुपारी तीन वाजता मामंजी पियानोवर बसत. जेवणं झालेली, माडांच्या सावल्या खळ्यात लांब होत आलेल्या, कावळेसुद्धा पेंगत असलेले. अशा वेळी ते सुरू करत. मला गाण्यातलं काही समजत नव्हतं, अजून समजत नाही. पण ते सूर असे होते की कुणी मोठं माणूस, ज्याला घाई नाही आणि कुणाला काही पटवून द्यायचं नाही, ते आपल्याशीच चालत चाललंय. खूप हळू. मग ते थांबे. थांबल्यावर काहीतरी व्हायला हवं असे, आणि ते होत नसे. मामंजी तिथे तोंडाने "हं" असं खालच्या आवाजात म्हणत आणि पुढे जात. थोड्या वेळाने पुन्हा "हं".

ते "हं" म्हणजे काय ते पुढे सासूबाईंकडून कळलं. मामंजींच्या डाव्या हाताची मधली तीन बोटं नव्हती. वादळात बोटीच्या बर्फाच्या खोलीचं लोखंडी दार त्यांच्या हातावर मिटलं होतं. अंगठा आणि करंगळी राहिली होती. तेवढ्यांवर ते जाडे सूर कसेबसे दाबत, पण त्या थांब्याच्या जागी अगदी खालच्या, जवळजवळच्या दोन पट्ट्या भराभर आळीपाळीने वाजवायच्या असत, बारीक गडगडीसारख्या. तिथे अंगठा आणि करंगळी काय करणार?

त्या संगीताची हकिकत मी जशी ऐकली तशी सांगते. बोटीवर एक म्हातारा गोरा पियानो वाजवायला होता. संध्याकाळी उतारूंना नाचायला लागेल ते तो वाजवी, आणि दुपारी तीनला, साहेबलोक झोपलेले असताना, स्वतःसाठी हे वाजवी. दिवाणखाना त्या वेळी बंद. नोकरांना आत जायची परवानगी नाही. मामंजी पँट्रीच्या बंद दाराला लागून चमचे पुसत उभे राहत. एकदा म्हाताऱ्याने लिंबूपाणी मागायला दार उघडलं तर हे तिथे, हातात एकच चमचा, आणि तो इतका पुसलेला की त्यात दिवा लागल्यासारखा. म्हातारा हसला नाही. त्या दिवसापासून तो त्यांना थोडं थोडं सांगू लागला.

हे रचणारा माणूस व्हिएन्नाचा. बुटका, गुबगुबीत, चष्मेवाला. झोपतानासुद्धा चष्मा काढत नसे, सकाळी उठल्या उठल्या लिहिता यावं म्हणून. आयुष्याचा बराच काळ त्याच्याकडे स्वतःचा पियानो नव्हता. शेवटच्या दिवसांत भावाच्या नव्या घरात राहायला गेला. घर ओलं होतं. तिथे, अंगात आजार असताना, काही आठवड्यांत त्याने एकामागून एक तीन मोठे सोनाटे लिहून काढले. हा त्यातला शेवटचा. दोन महिन्यांनी तो गेला, एकतिसाव्या वर्षी. आणि छापणाऱ्यांनी हा सोनाटा दहाएक वर्षं तसाच ठेवून दिला.

सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं होतं. त्याचं लग्न झालं होतं का, एवढं त्यांनी विचारलं. नव्हतं. मग म्हणाल्या, "नव्या घरात एक पावस चूल पेटवल्याबिगर रवाचाच नाय. सांगणारा कोण नाय व्हता त्येका." त्यानंतर मात्र त्या पियानोला कपाट म्हणेनाशा झाल्या.

आणि ती खालची गडगड? गोरा म्हणे, लोक म्हणतात लांबची वीज आहे, कुणी म्हणतं मरण आहे. मला विचाराल तर, तो म्हणाला होता, एवढ्या शांत गाण्याखाली जमीन कुठे आहे ते रचणाऱ्याने एकदा चाचपून बघितलंय. ती गडगड जिथे तिथे बारीकच येते. एकदाच मोठी येते, पहिला भाग संपून गाणं परत सुरुवातीला वळतं तिथे. पुष्कळ वाजवणारे ते वळण गाळतात, वेळ वाचावा म्हणून, आणि मग ती मोठी गडगड कुणाला ऐकूच येत नाही. म्हातारा कधी गाळत नसे. मामंजींनी ती पहिल्यांदा दारापलीकडून ऐकली तेव्हा त्यांच्या हातातला चमचा खाली पडला होता.

शेवटच्या काही फेऱ्यांत, बंदरात उतारू खाली गेलेले असताना, गोऱ्याने त्यांना सुरुवातीचा भाग आणि ते वळण तुकड्यातुकड्याने शिकवलं. नोटेशन वगैरे नाही. बोटं उचलून पट्टीवर ठेवायची, झालं. मामंजींना आता आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. ते सबंध, मोठ्या गडगडीपर्यंत, एकदा पुन्हा तसंच ऐकायचं, तिथे ऐकलं होतं तसं. आणि पियानो काही त्यासाठी थांबणार नव्हता. खाऱ्या वाऱ्याने त्याच्या तारा लाल होत होत्या. पहिल्याच पावसाळ्यात एक तार बंदुकीसारखा आवाज करून तुटली होती.

आधी त्यांनी भजनी मंडळातल्या पखवाजवाल्याला बसवून बघितलं. तो मन लावून वाजवी, पण त्याच्या बोटांना एकदा चाल मिळाली की ती थांबत नसत. चौथ्या दिवशी त्या सोनाट्याची आरती होऊन संपली. मामंजींनी झाकण मिटलं. पखवाजवाला मात्र वाडीभर सांगत फिरला की पेटी चांगली आहे, म्हाताऱ्याला ठेका नाही.

मग माझं नाव निघालं ते माझ्या एका खोडीमुळे. मला लहानपणापासून बोटं नाचवायची सवय. डब्याच्या झाकणावर, दाराच्या चौकटीवर, जिथे हात टेकेल तिथे. सासरी हे करू नको म्हणून आईने निघताना बजावलं होतं. मी बरेच महिने दम धरला. एक दिवस सासूबाईंनी मला पिठाच्या डब्यावर तबला वाजवताना धरलं. मी चपापले. त्यांनी माझ्या हाताकडे बराच वेळ बघितलं आणि माजघराकडे तोंड करून म्हणाल्या, "हिच्या बोटांक चळ आसा. चालता काय बघा."

आता अडचण अशी की सून सासऱ्याच्या शेजारी बाकावर बसणार कशी? शेजारी जाऊ दे, समोर बसायचं नाही. त्यावर सासूबाईंनीच तोड काढली. मी स्वयंपाकघरात, चौकटीच्या आड उभं राहायचं आणि उजवा हात तेवढा पलीकडे काढायचा. पट्ट्या मला दिसणार नाहीत म्हणून त्यांनी पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन दोन काळ्या पट्ट्यांवर दोन टिपके दिले. ते वाळून खरखरीत झाले, चाचपले की लागत. मला वाटतं, ज्या व्हिएन्नाकराने हे रचलं त्याने आपलं गाणं कुणी चुन्याच्या टिपक्यांवर वाजवील असं मनातही आणलं नसेल. पण झोपेत चष्मा घालणाऱ्या माणसाला ते आवडलं असतं, असंही वाटतं.

मामंजी माझ्याशी थेट बोलत नसत. मी हातभर अंतरावर, तरी सगळं सासूबाईंमार्फत.

"तिका सांग, पीठ दळूचा नाय आसा."

"पीठ दळूचा नाय आसा, गो," सासूबाई चुलीपाशी बसून म्हणत.

मी हळू करी.

"आता तिका सांग, निजूक नको."

"निजा नको."

मी पुन्हा जोर करी. हे महिना-दीड महिना चाललं. मामंजी म्हणत, गाज ऐक म्हणावं, वारा फिरायच्या आधी खडकांपलीकडे वाजते ती. माझ्या कानांना सगळी गाज सारखीच. जिथे पाणी मुकं असतं तिथून आलेली मी, मला त्यातलं बारीक-मोठं काय कळणार? मग एका सकाळी पेज शिजत होती. पाणी नुकतंच चढत होतं, आणि झाकण उडत नव्हतं, नुसतं आतल्या आत थरथरत होतं. मी नेहमीच्या खोडीने झाकणावर दोन बोटं ठेवली. आणि ते माझ्या बोटांत आलं. काहीतरी खाली आहे, वर यायची घाई नाही, पण आहे.

त्या दुपारी मी पेज वाजवली. मामंजी थांबले. गडगड विरेपर्यंत थांबले आणि मग ते लांब चालणारे सूर पुन्हा चालू लागले, जणू खाली जे ऐकू आलं त्याची त्यांना आधीपासून माहिती होती. सासूबाईंनी वर बघितलं. हातभर लांब एक माणूस वाजवत होता, त्याचा चेहरा मला माहीत नव्हता, आणि माझा उजवा हात त्याच्या खोलीत होता. बाकीची मी चुलीच्या धुरात उभी.

असे तीन-चार हंगाम गेले. त्या दुपारी आता आठवतात तेव्हा एकमेकींत मिसळून जातात, एकच मोठी दुपार असल्यासारखी. मूल झालं, ते माझ्या डाव्या कडेवर झोपे, उजव्या हाताची गडगड त्याला अंगाईच होती. पण मामंजींचं समाधान काही होईना. वाजवून झालं की ते बसून राहत. "तसो लागणा नाय," म्हणत. आधी वाटलं होतं गडगड नाही म्हणून. आता गडगड होती. मग त्यांनी ठरवलं तारांमुळे. ती मोठी गडगड आम्ही कधी वाजवलीच नाही. आधी बारीक तसं लागू दे, मग मोठं, असं त्यांचं म्हणणं. आणि दर पावसाळ्यात आणखी काही पट्ट्या मुक्या होत होत्या.

त्या वर्षी पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने ते मुंबईला गेले, नव्या तारा मिळतात का बघायला. परत यायचे एस.टी.ने, पंधरा-वीस दिवसांनी. ते गेले आणि पाऊस लागला तो असा की माजघराच्या भिंती घामेजल्या. मी एक दिवस पियानोचं झाकण उघडून सहज चाचपलं तर माझ्या दोन्ही पट्ट्या खाली दबून राहिल्या, वर येईनात. चुन्याच्या टिपक्यांना बुरशी.

मला फार लागलं. बाकीच्या पट्ट्या गेल्या तेव्हा एवढं लागलं नव्हतं, हे कबूल करते.

आणि मग मी विचार केला. विचार करायची मला सवय नव्हती, त्यामुळे तो मला फारच चांगला वाटला. पियानो म्हणजे काय? लाकूड, लोखंड आणि थोडी लोकर. समुद्राकाठी लाकूड-लोखंड पावसात कसं टिकवतात? वाडीखाली होड्या ओढून ठेवल्या होत्या, झापांनी शाकारलेल्या. होड्या बांधणारा म्हातारा सुतार तिथेच असे. मी सासूबाईंना सांगून त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, आधी उब दे, मग तेल दे. तेल कुठलं? त्याने मला होड्यांना लावतात ते मोरी माशाच्या काळजाचं तेल करवंटीभर दिलं. कुठे लावू विचारलं तर म्हणाला, "खंय लावू काय? जंय खारो वारो लागता, थंय सगळ्याक लाव."

मी तीन दिवस पियानोखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली. पट्ट्या खरोखरच मोकळ्या झाल्या. माझा उत्साह वाढला. मग मी पुढची फळी काढली आणि लावलं. सगळ्याक लावलं. लाकडाला, तारांना, आणि तारांवर आपटणाऱ्या त्या छोट्या छोट्या हातोड्या असतात, त्यांच्या तोंडावर लोकरीचा जाड थर असतो, तो तर तेल असा पीत होता की मला वाटलं बिचाऱ्या किती वर्षांच्या तहानलेल्या. दोनदा भरून लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतली सगळी मांजरं आमच्या माजघरात होती. सात मोजली, आठवं पियानोत शिरलं होतं. वास तर विचारू नका. आठ दिवस उन्हात राहिलेल्या जाळ्याचा असतो तसा, त्यात धूर. पण मांजरं आणि वास मी सोसले असते. मी एक पट्टी दाबली. आवाज आला, पण खोलीत आला नाही. कुठेतरी लांब, बंद ठिकाणी कुणीतरी ती दाबली असावी तसा. सगळ्या पट्ट्या तशाच. हातोड्यांच्या लोकरीचा लगदा झाला होता.

सासूबाईंनी स्वतः येऊन एक पट्टी दाबून बघितली. त्यांच्याकडून मला त्या वेळी दोन शब्द मिळाले असते तर बरं वाटलं असतं. पण त्या तोंडाला पदर लावून परत गेल्या, आणि पुढचे दहा दिवस आम्ही दोघी घरात दुखणं असल्यासारख्या वावरलो. मी राख लावून तेल टिपलं, गरम फडक्याने पुसलं. वास थोडा उतरला. आवाज होता तिथेच राहिला.

मामंजी आले ते भिजून, काखेत तारांचं भेंडोळं. अंगणातच थांबले, नाक वर केलं. सासूबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, मी सांगितलं तिला तेल लावायला. हे खोटं होतं. जन्मात त्यांनी माझ्यासाठी बोललेलं तेवढं एकच खोटं मला माहीत आहे, म्हणून लिहून ठेवते.

त्यांनी भेंडोळं पियानोवर ठेवलं. अंग पुसलं, चहा घेतला. घड्याळात तीन वाजले तेव्हा एक मांजर उचलून बाजूला ठेवलं आणि बाकावर बसले. मी माझ्या जागी, दाराआड. हात पलीकडे काढायचा धीर होईना, पण सवयीने गेला.

त्यांनी सुरू केलं. बाहेर पाऊस नुसता भुरभुरत होता. ते सूर आता आमच्या घरातले नव्हतेच. कुणी मोठं माणूस चालत होतं खरं, पण आपल्या माजघरात नाही, भिंतीपलीकडे, धुक्यातून. थांबायची जागा आली. माझी दोन बोटं आपोआप हलली आणि खालून जे आलं ते पेजेचंही नव्हतं. खडकांपलीकडचंच होतं. मी इतकी वर्षं त्या किनाऱ्यावर राहून जी गाज ओळखू शकले नव्हते, ती मला ओळखू आली.

मामंजी मध्येच थांबले. मी डोळे मिटून घेतले. आता कधीतरी झाकण मिटल्याचा आवाज येईल म्हणून वाट बघत होते. आला नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा त्याच जागी थांबले. मग सासूबाईंना म्हणाले, "असोच."

"काय असोच?"

"बोटीर दार लावलेला आसायचा. मी पँट्रीत. दारातसून असोच ऐकाक येय." त्यांनी एक पट्टी हळूच दाबून सोडली. "सबंध मी दारातसूनच ऐकलंय. उघड्या दारान कधीच नाय."

मुंबईहून आणलेल्या तारांचं भेंडोळं पियानोवर होतं. ते त्यांनी उचलून बाकाखाली सरकवलं. मग सासूबाईंकडे न बघता, दाराच्या चौकटीकडे बघून ते बोलले. लग्नाला पाच वर्षं होत आली होती, आणि माझ्याशी बोललेला तो त्यांचा पहिला शब्द.

"हय ये गो."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी हातातली पळी नुसती माजघराच्या दिशेने हलवली.

"बस," मामंजी म्हणाले. ते बाकावर उजवीकडे सरकले होते. "दाराआड तीस वर्सां मी रवलंय. तू कित्याक रवतस?"

मी पदर सारखा केला आणि बाकाच्या अगदी कडेला टेकले, अर्धी बाकावर, अर्धी हवेत. वाजवायला बसून माझ्या दोन पट्ट्या मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांच्यापलीकडे केवढ्या होत्या. आणि त्यांच्यावर अंगठा आणि करंगळी, मध्ये रिकामी जागा. चेहऱ्याकडे मी तेव्हाही बघितलं नाही.

त्यांनी सबंध वाजवलं. जिथे ते नेहमी सोडून देत तिथे सोडलं नाही. सूर अडखळायला लागले, एकमेकांना विचारल्यासारखे होऊ लागले, मला अनोळखी. मला कळलं की ते वळण आलं.

"आता मोठो," ते म्हणाले.

त्या घरात मी तोवर मोठ्याने काही केलं नव्हतं. भांडं खाली ठेवायचं तरी हात खाली धरून ठेवायची. मी दोन्ही बोटं उचलली आणि सगळा जीव त्या दोन काळ्या पट्ट्यांवर घातला. खालून जे उठलं त्याने बाक हलला. आठही मांजरं एकदम दाराबाहेर गेली, आणि मागे स्वयंपाकघरात काहीतरी खणखणत पडलं.

मामंजींनी मान वळवली नाही. "काय पडला?"

"काय नाय," सासूबाई म्हणाल्या. "पळी."

गडगड विरायला पुष्कळ वेळ लागला. ती पुरती विरू दिली त्यांनी. मग अंगठा आणि करंगळी उचलून पहिल्या जागी ठेवली, आणि गाणं परत सुरुवातीपासून चालू लागलं.